वीस मिनिटांचा कोंबडा

निमगाव सावा,
मंगळवार, दि. २१ जानेवारी २००३

आदरणीय धर्माजीदादा यांस भागुजीचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे घर जागेवर आहे आणि मी घरात आहे. आपली प्रकृती कशी काय? वहिनींचा खोकला थंडीत वाढला नसेल अशी आशा करतो. आपले गुडघे, पोटऱ्या, घोटे वगैरे कसे आहेत? विशेषतः डावा पाय कसा आहे? (डाव्या पायाचीच चौकशी का, हे पत्राच्या ओघात कळेल. तोपर्यंत तो जपून वापरावा.) आपल्याकडे गेले पंधरा दिवस मुक्कामाला असलेल्या आपल्या भगिनी, म्हणजेच आमची मंडळी, यांच्या प्रकृतीची चौकशी मी करीत नाही. त्यांनी विचारलंच तर 'गुरुजींनी काही विचारलेलं नाही' असं स्पष्ट सांगावं. फक्त त्यांच्या गुडघ्याला लावायचं तेल फडताळातच राहिलं होतं, ते सोबत पाठवतो आहे. दिवसातून दोनदा, आणि कोमट करून.

फोन असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. दोनदा फोन केला होता. पहिल्या वेळी उचलणारा आवाज ओळखीचा निघाला म्हणून मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आधीच तिकडून 'राँग नंबर' असं ऐकू आलं आणि फोन आपटला गेला. तेव्हापासून मी लेखी व्यवहारावर आलो. टपालावर माझा भरवसा नाही (तीन दिवस लागतात आणि पोस्टमन माझाच विद्यार्थी आहे, त्यामुळे पत्ता तरी वाचतो की नाही शंका येते), म्हणून आमचा शेजारी गेणू कांदा घेऊन मंचरला येतो आहे, त्याच्याच हाती देतो. तो कळंबपर्यंत येईल. पत्र आपल्याच हातात द्यायला बजावलं आहे.

आता मूळ विषय. झाल्या प्रकाराची एकच बाजू आपल्या कानावर आली असणार, आणि ती कुठली हे सांगायला पंचांगवाला नको. तर पाच तारखेच्या रविवारी भगवंत मास्तर आमच्याकडे जेवायला आले होते. (अकरा वर्षं माझ्या हाताखाली होते. अपूर्णांक त्यांना शेवटपर्यंत जमले नाहीत, जेवण मात्र पहिल्या दिवसापासून जमतं.) सकाळी सातला कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटला होता. बारा वाजले, एक वाजला, दीड वाजला, तरी ताटाचा पत्ता नाही. मास्तरांशी बोलायचे विषय साडेअकरालाच संपले होते. तेव्हा हाताला लागली ती वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, आणि तिच्यात 'झटपट मेजवानी' या मथळ्याखाली कोणा पाककलानिपुण बाईंचा भला मोठा फोटो आणि त्याखाली त्या मानाने बारीक अक्षरांत 'वीस मिनिटांत मलईदार संत्रा-लिंबू चिकन'. ते मी मास्तरांना वाचून दाखवलं. आता माझा आवाज म्हणजे चौतीस वर्षं वर्गावर घासलेला आवाज, तो स्वयंपाकघरात गेला तर त्यात माझा काय दोष? वाचून झाल्यावर मी एवढंच म्हणालो की बघा मास्तर, पुण्याच्या बाया वीस मिनिटांत कोंबडी शिजवून नोकरीवर जातात, आणि आमच्याकडे सकाळपासून नुसता धूर. बायकांनी स्वयंपाकाचं उगाच अवडंबर माजवून ठेवलंय. हा विनोद होता. मास्तर हसले सुद्धा. आत वरवंट्याचा आवाज थांबला. मला वाटलं, वाटण झालं असेल.

जेवण उत्तम झालं. मंडळी काही बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांना माझं म्हणणं पटलं असा मी अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी उठलो तर चुलीवर पाणी नाही, चहा नाही, आणि दारात गेणूची बायको साळुबाई निरोप घेऊन उभी. निरोप असा: "वैनी सातच्या यष्टीनं कळंबला गेल्या. म्हनल्या, गुरुजींना सांग, वीस मिन्टात शिजवून खावा. आन मी परत आले तर त्यांच्या हातचं खायालाच येईन, रांधाया न्हाय." साळुबाई हे सांगताना हसत होती. मी तिला तिसरीत दोनदा नापास केलं होतं, तो राग अजून आहे.

पहिले तीन दिवस या साळुबाईकडून भाकरी-कोरड्यास येत होतं. चौथ्या दिवशी बंद झालं. कळंबहून फोन आला होता म्हणे. त्यानंतर मी काय खाल्लं हे लिहून कागद खराब करीत नाही. एवढंच सांगतो की शेव आणि पाव यांवर माणूस जगतो, पण कोणाशी बोलावंसं वाटत नाही. घरात वेळापत्रक पाळणारा एकच प्राणी उरला होता, तो म्हणजे जमादार. (जमादार म्हणजे आमच्या मंडळींनी पाळलेला म्हातारा कोंबडा. पहाटे साडेचारला आरवतो आणि मग अंगणभर हिंडून कोण उठलं, कोण नाही याची पाहणी करतो.) तो आरवायचा, मी उठायचो, आणि मग दिवसभर आम्ही दोघं दाराकडे बघत बसायचो.

अशा परिस्थितीत गुरुवारी आमचे व्याही सावळेराम यांचा आळ्याहून फोन आला की बेल्ह्याला कोणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं, तो पुढे गेला, तर रविवारी आमी दोघं तुमच्याकडंच जेवाया येतो. दुसऱ्या कोणी असतं तर हातपाय गाळले असते. मी विचार केला की ही तर चालून आलेली परीक्षा आहे. व्याही-विहीण साक्षीला बसवून वीस मिनिटांत कोंबडी करून दाखवायची. ते आपल्या लेकीला, म्हणजे आमच्या सुनेला, रत्नाला चिंचवडला फोन करणार. रत्ना आमच्या प्रबुद्धला सांगणार. प्रबुद्धच्या पोटात आईपासून काही राहत नाही, म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत बातमी कळंबला. मग 'हातचं खायला येईन' या शब्दाला जागून आपल्या भगिनींना यावंच लागणार. मला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही, आणि मास्तरांसमोर बोललेला शब्दही खरा ठरणार. कागदावर यात एकही चूक नव्हती.

शुक्रवारी आळेफाट्याला जाऊन संत्री आणली. आळेफाट्याचा फळवाला म्हणजे एक स्वतंत्र विषय आहे. संत्री गोड आहेत का विचारलं तर म्हणतो, "राव, गोड पायजे तर जिलबी घ्या." लोणी, मिरपूड मिळाली. 'ताजी मलई' असं पुरवणीत लिहिलं होतं, तेव्हा फ्रीजमध्ये बघितलं. मंडळींनी लोण्यासाठी साठवलेलं सायीचं पातेलं तसंच होतं, काठोकाठ. ही साय विरजण लावलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी त्याच लोण्याचं तूप भातावर घेतो आहे, पण ते होतं कसं याची चौकशी करायची वेळ कधी आली नाही.

आता कोंबडी. पुरवणीतल्या बाईंनी 'बिनहाडाचे पाव किलो तुकडे' लिहिलं होतं. गेणूला विचारलं. त्याची मळ्यात पोल्ट्री आहे, दीड हजार पक्षी. तो म्हणाला, "गुरुजी, बिनहाडाची कोंबडी चालंल कशी?" मग म्हणाला, शेडातली बॉयलर घेऊन जावा, पंधरा मिन्टात गाळ शिजतीय.  पहिल्यांदा व्याही जेवायला येणार आणि त्यांच्या पानात बॉयलर? आळ्याला जाऊन सांगतील की निमगावच्या हेडमास्तरांनी आम्हाला हॉटेलातला कापूस खाऊ घातला. व्याह्याला गावरानच घालायचं असतं, आणि तेही कोंबडाच, एवढं मलासुद्धा कळतं. तेव्हा गावरान कोंबडा गेणूकडूनच घेतला. कापून द्यायला आला तेव्हा गेणू दोनदा म्हणाला, "गुरुजी, ह्यो लई जून हाय. ह्याला दोन-अडीच तास कमी न्हाईत." मी त्याला छापील कागद दाखवला. वीस मिनिटं असं स्पष्ट छापलं आहे, कोंबड्याच्या वयाचा उल्लेख नाही. गेणूचं शिक्षण पाचवीपर्यंत, छापील अक्षरापुढे तो गप्प बसला. साय दिसली तेव्हा मात्र पुन्हा म्हणाला, "कोंबडीत साय? अंगावर चट्टं उठतील." मी त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय यावर थोडक्यात सांगितलं, तर तो बैलाला पाणी दाखवायचं आहे म्हणून निघून गेला.

रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली. गरम पाण्यात बुडवून पिसं काढायला पावणेदोन तास गेले. (काही पिसं माझ्या कानात काल आंघोळीच्या वेळी सापडली.) मग जाळावर भाजणं, धुणं, तुकडे. संत्र्याची साल किसून घ्या असं लिहिलं होतं, ती खोबऱ्याच्या किसणीवर किसली. साल संपल्यावर किसणी थांबत नाही आणि पुढे बोटांची पेरं असतात, ही माहिती पुरवणीत नव्हती. लिंबं पिळली, संत्री पिळली, प्रबुद्धने दिलेला काळा खोलगट तवा काढला, जो आमच्या मंडळींनी दोन वर्षं खोक्यातच ठेवला होता. (त्याला चिकटत नाही म्हणतात. खोटं आहे.) हे सगळं होईतो साडेअकरा वाजले. पण ही नुसती तयारी, ती काही स्वयंपाकात धरायची नसते, म्हणून वेळ मी तिथून पुढे मोजायची ठरवली.

पाहुणे बाराला आले. सावळेराम पांढरी टोपी, नवं जाकीट. झुंबरबाई हातात पेढ्यांचा पुडा. "विहीणबाई कुटं हायत?" हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, बसा, पाणी घ्या, आज मी एक प्रात्यक्षिक करून दाखवणार आहे. सावळेरामांना घड्याळ दिलं, शाळेतलं गजराचं, आणि सांगितलं की आता बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत, नोंद घ्या, बरोबर साडेबाराला गजर होईल. ते बिचारे घड्याळ मांडीवर घेऊन बसले. मी गॅस मोठा केला. लोणी टाकलं, कोंबडा टाकला, मिरपूड टाकली, परतलं. मग संत्र्याचा रस, लिंबाचा रस, किस, आणि शेवटी साय, सगळी. पुढची दोन मिनिटं मी काय पाहिलं ते मास्तर असताना विज्ञानाच्या प्रयोगातही पाहिलं नव्हतं. आधी सगळं पांढरं, एकजीव, सुंदर, अगदी फोटोतल्यासारखं. मग एक बुडबुडा आला, आणि त्या बुडबुड्याबरोबर सगळं नासलं. वर पिवळं पाणी, खाली चोथा, आणि मधून कोंबड्याच्या टांगा बाहेर. ढवळलं तर जास्त. तेवढ्यात गजर झाला.

आता आपण म्हणाल, उतरवायचं कशाला? दादा, चौतीस वर्षं मी घंटा झाली की पेपर काढून घेतलेत. मुलं रडली, पाया पडली, पण पाच मिनिटं जास्त दिली नाहीत. आता स्वतःला देऊ? मी गॅस बंद केला आणि वाढलं.

त्यानंतरच्या पंक्तीचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द कमी नाहीत, इच्छा कमी आहे. सावळेरामांनी एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ नुसते माझ्याकडे पाहत राहिले. माणूस भला आहे. चावणं चालू होतं, पण तुकड्यावर परिणाम नव्हता. शेवटी तो गालात बाजूला सारून म्हणाले, "येगळं हाय." सालीने कडू, लिंबाने आंबट, सायीने कुबट, आणि आतला कोंबडा जसा अंगणात होता तसाच. (पुरवणीतल्या त्या बाईंनी आयुष्यात कोंबडा पाहिला तरी असेल का, याची मला शंका आहे. फोटोत त्यांची नखं रंगवलेली आहेत. रंगवलेल्या नखांनी पिसं निघत नाहीत, मी खात्रीने सांगतो.) झुंबरबाईंनी एक घास घेतला, ताट बाजूला सारलं आणि उठून थेट आत गेल्या. आत काय होतं हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांचं सगळं होतं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "गुरुजी, विहीणबाई कवाधरनं न्हाईत?" विचारण्याची पद्धत अशी की माझ्या शाळेत असत्या तर मी त्यांना चौथीचा वर्ग दिला असता. मी गडबडलो. आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही, पण तयारी करून बोललो. इथे तयारीला वेळ नव्हता. मी म्हणालो, त्यांच्या दादांचा, म्हणजे आपला, पाय मोडला आहे, म्हणून मदतीला गेल्या आहेत. झुंबरबाई म्हणाल्या, "कोन्ता?" मी म्हणालो, डावा. त्यांनी "बरं" म्हटलं. दादा, मी पाचशे इन्स्पेक्शनं दिली असतील, पण 'बरं' या शब्दाचा असा शेरा मला कधी मिळाला नाही.

मग त्यांनी पदर खोचला. सगळं ताटांतून पातेल्यात परत ओतलं, गरम पाण्याने कोंबडा स्वच्छ धुतला, चूल पेटवली (गॅसकडे पाहिलं सुद्धा नाही), कांदा-खोबरं भाजायला टाकलं आणि लसणाची एक गड्डी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "ह्यो सोला." मला. पाहुण्या बाईने, माझ्या घरात, माझ्या व्याह्यांसमोर. मी सोलायला बसलो. सावळेरामांच्या मांडीवर घड्याळ होतंच, त्यांनी आपणहून नोंद घेतली. एक गड्डी लसूण, बावीस मिनिटं! म्हणजे पुरवणीतल्या बाईंची अख्खी कोंबडी शिजून, वाढून, नोकरीवर जाऊन झाली, आणि माझा इकडे लसूणच चालला होता. नखांखाली अजून आग होते आहे. त्यानंतर झुंबरबाई पाट्यावर वाटायला बसल्या आणि तो आवाज पंधरा दिवसांनी त्या घरात आला. मी उठून जरा अंगणात गेलो. धूर डोळ्यांत जात होता.

चार वाजता जेवलो. सावळेरामांनी टोपी काढून ठेवली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या, तेव्हा म्हणाले, "आता जेवान झालं." निघताना झुंबरबाई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या की येत्या रविवारी झेंडावंदन झालं की आमी दोघं कळंबला येतो, धर्माजीदादांचा पाय बघाया. मी म्हणालो, तुम्ही कशाला त्रास घेता, हाड जुळत आलं आहे. त्यावर म्हणतात, "मेव्हन्याचा पाय मोडून पंदरा दिस झालं आन तुमी अजून हितंच? लोकं काय म्हंतील, गुरुजी?" आणि गेल्या. त्यांना कळलं आहे की नाही, यावर मी दोन दिवस विचार करतो आहे. सावळेरामांना कळलेलं नाही, ते जाताना मला हळदीचा लेप सांगून गेले.

एकूण निष्कर्ष असा की मी जे म्हणालो होतो ते तत्त्वतः बरोबरच होतं, कोंबडा जून होता, साय विरजलेली होती आणि वर्तमानपत्रं बेजबाबदार झाली आहेत. मी संपादकांना वेगळं पत्र लिहिलं आहे. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. इकडची काळजी नसावी. मी एकटा मजेत आहे, घर शांत आहे, वाचन भरपूर होतं.

आपला,
भागुजी

ता. क. पत्राचं खरं कारण हे की आपण येत्या रविवारी, दि. २६ रोजी, सकाळी दहापासून डाव्या पायाला पट्टी बांधून पडवीत बसावं. प्लॅस्टर मिळाल्यास उत्तम. नाहीतर पांढरं फडकं, आत फळीचे दोन तुकडे. डावा लक्षात ठेवा. व्याह्यांसमोर चालू नये. आपण एस. टी.त अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलीत, बंद पडलेल्या गाडीत लोकांना धीर देत बसायची आपल्याला सवय आहे, तेव्हा हे जड जाऊ नये. पाय कसा मोडला हे मी सांगितलेलं नाही, ते आपण आपल्या सोयीने ठरवा, फक्त त्यात मी कुठे येऊ देऊ नका.

ता. क. २. वर कोंबडा गेणूकडून घेतला असं लिहिलं आहे, ते खरं नाही. गेणूकडे बॉयलरशिवाय काही नव्हतं, गावात शनिवारपर्यंत गावरान मिळेना, आणि व्याही तर येणार होते. तो जमादार होता. हे आपण भगिनींना सांगू नये. मीच सांगेन. साडेचारला आता मी गजर लावतो, पण गजर झाल्यावर अंगणात कोणी हिंडत नाही, त्यामुळे उठावंसं वाटत नाही.

ता. क. ३. (हा मजकूर आपण वाचू नये. कागद इथून दुमडून तसाच आपल्या भगिनींच्या, जानकाबाईंच्या, हातात द्यावा. त्यांना वाचता येतं.)

काल कात्रणांची वही काढली. 'झटपट मेजवानी' मी कापून घेतलं होतं, पण पानाचं खालचं टोक कापून वेगळं ठेवलं होतं, कारण त्याच्या पाठीमागे सुविचार होता. (पाणी जपून वापरण्याबद्दल होता, काही कामाचा नव्हता.) ती पट्टी उलटी करून पाहिली. त्यावर कंसात, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'वरील वेळेत पूर्वतयारी धरलेली नाही. चिकन चार तास मुरवून घ्यावे.' इतकी मोठी गोष्ट आणि एवढ्या बारीक टाइपात! त्या बाईंवर मी पुन्हा चिडलो. मग लक्षात आलं की त्यांनी ती छापली तरी होती. मी चाळीस वर्षं तुझ्या स्वयंपाकाचा वेळ मोजत आलो, बाहेर पाटावर बसून, आणि त्यात तयारी कधी धरलीच नाही. मास्तरांसमोर बोलायला नको होतं. एरवीही नको होतं.

तू म्हणाली होतीस की आलीस तर माझ्या हातचं खायला येशील. माझ्या हातचं खाण्यासारखं अजून काही नाही, ते व्याह्यांना विचार. पण पाय बघायला मी रविवारी येतो आहेच, तर येताना लसूण सोलून आणतो. चार गड्ड्या. एक तास अठ्ठावीस मिनिटं लागतील, मी धरली आहेत.